भगताचं ताट

बेबाबाईनं गोळी पाट्यावर ठेवली, वर वाटीचं बूड टेकवलं आणि तळहाताचा भार दिला. कट् असा बारीक आवाज झाला. तिनं दाराकडं पाहिलं. सासू अंगणात निंबाखाली खाटेवर पडलेली. नवरा न्हाणीत. तिनं भुकटी बोटानं गोळा केली, डाळीच्या वाटीत सोडली आणि पळीनं ढवळली. मग पाटा ओल्या फडक्यानं पुसला, फडकं राखेत घासलं, आणि गोळ्यांचं पाकीट ज्वारीच्या पापडांच्या, बिबड्यांच्या डब्यात परत ठेवायला गेली तेव्हा थांबली.

पाकिटात दोन गोळ्या होत्या. तीन हव्या होत्या.

काल तिनं मोजल्या होत्या. काल चार होत्या, आजची एक गेली, तीन. तिनं डबा उपसला, बिबडे एक-एक करून परातीत काढले, तळाशी हात फिरवला. ज्वारीचा चुरा हाताला लागला, दुसरं काही नाही. असं आज पहिल्यांदा झालं नव्हतं. दहा गोळ्यांचं पाकीट दहा दिवस पुरायला हवं, ते पाच दिवसांत संपत होतं. एक तिच्या हातानं जात होती. दुसरी कुणाच्या, ते तिला कळत नव्हतं.

घरात माणसं तीन. दोन्ही पोरी सासरी, एक जामनेरला, एक सावद्याला. आणि पाडव्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, या घराच्या स्वयंपाकघरात परका पाय पडत नव्हता.

"वाढते का?" रुपचंद बाहेरून म्हणाला. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. न्हाणीच्या उंबऱ्याला धरून तो उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. आतला पाय उचलायला त्याला वेळ लागत होता.

रुपचंद या गावचा भगत. फैजपूरपासून कोसावरचं हे गाव. आखाजीच्या दिवशी मरीमायच्या निंबापासून चावडीपर्यंत बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात, बैल सोडून देतात, गाड्यांवर गाव चढतं आणि पुढच्या धुरेला कमरेच्या पट्ट्यानं एक माणूस जुंपतात. तो माणूस म्हणजे भगत. दोन बाजूंना काखेत हात घालून दोन बगले पळतात, तो पडू नये म्हणून. गाड्यांवर शाळेचे मास्तर बसतात, सोसायटीचा चेअरमन बसतो, जळगावला शिकायला गेलेली पोरं मुद्दाम येऊन बसतात. माणूस जुंपला म्हणून कुणाला लाज वाटत नाही. माणूस ओढत नाही, मरीमाय ओढते, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मरीमाय ओढते तर मग पट्टा माणसाच्या कमरेला कशाला, हे विचारणारा अजून या गावात जन्माला आलेला नाही.

पट्टा रुपचंदच्याच घरी. आज्यापासून. आजा कितव्या वर्षी गेला ते कुणी लिहून ठेवलं नाही. बाप पुना पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, आखाजीनंतर नवव्या दिवशी, विहिरीच्या काठावर बसल्या-बसल्या. थोरला भाऊ वना शेहेचाळिसाव्या वर्षी, आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी, ओट्यावर चहा पिताना. बेबाबाईनं तेव्हा स्वतः त्याच्या हातातून कप सोडवून घेतला होता. कप सरळ होता. चहा सांडला नव्हता. बोटं मात्र सुटत नव्हती.

"मायनं उचलला," गाव म्हणालं. "तिले म्हातारा भगत चालत नही."

आणि गावानं ते अभिमानानं सांगितलं. लग्नाला आलेल्या पाहुण्यालासुद्धा सांगायचे. आमच्या गावचा भगत म्हातारा होत नाही.

रुपचंदला यंदा पंचेचाळिसावं लागलं होतं.

माघात बेबाबाईच्या भावानं, पंडितनं, त्याला जवळजवळ ओढतच जळगावला नेला. पंडित तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. रक्त काढलं, छातीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. रक्तातली चरबी दोनशे नव्वदच्या वर आली. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. रुपचंद दिवसभर केळीचे घड खांद्यावरून वाहतो, विडी ओढत नाही, पोट सुटलेलं नाही, हे त्यानं दोनदा विचारून खात्री केली.

"मले झालंय काय?" रुपचंदनं विचारलं.

"आज काहीच नाही."

"मंग गोळी कायले?"

"पुढं काही होऊ नये म्हणून. नवीन निघालीय. रोज एक, कायमची."

"म्हंजे आजार नही आन् दवा जलमभर."

डॉक्टर हसला नाही. "हे बघा, तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली तर पाच-सात वर्षांत सात-आठ जणांना झटका येतो. गोळी घेतली तर पाच-सहा जणांना. दोघं-तिघं वाचतात. बाकीचे उगीच घेतात. तुमच्या घरात बाप गेला, भाऊ गेला, म्हणून तुमचा धोका जास्त धरायचा."

"त्या दोघा-तिघांत मी हाये का?"

"ते मला कळत नाही. कुणालाच कळत नाही."

रुपचंद पंडितकडं वळून म्हणाला, "पह्य. यालेबी कळत नही. आमची मरीमाय बी असंच करते. कोनाले उचलायचं ते सांगत नही."

पण गोळी त्यानं घेतली. बायको रोज पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची म्हणून घेतली. झुंबरबाईनं, त्याच्या आईनं, पहिल्या दिवशीच आकांत केला. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज शाबूत. "भगताच्या पोटात इंग्रजी दवा? मायचा अंगात वास असतो, तठी जहर टाकता का रे?" तिनं एक अख्खं पाकीट उकिरड्यावर फेकलं. बेबाबाईनं ते रात्र पडायच्या आत वेचून आणलं आणि त्यानंतर गोळ्या लपवायला लागली.

फाल्गुनात रुपचंदच्या मांड्या दुखायला लागल्या. थोड्याच. पंडितनं डॉक्टरांना विचारून निरोप आणला : काही जणांना ही गोळी स्नायूत भोवते, थांबवून बघा. पंधरा दिवसांत उतरलं तर गोळीचं, नाही उतरलं तर घेऊन या. तसंही पाडवा आला होता. पाडव्यापासून आखाजीपर्यंत भगताला नेम असतो. जमिनीवर निजायचं, अनवाणी चालायचं, दवा नाही, दारू नाही, आणि फक्त घरच्या बाईच्या हातचं खायचं. पाणीसुद्धा बाहेरचं नाही. रुपचंदनं पाडव्याला गोळी सोडली.

बेबाबाईनं सोडली नाही; पंडितनं दिलेली पाकिटं घरात होतीच. वनाही असाच नेम पाळून गेला होता. तिला झोप लागेना. चौथ्या दिवशी तिनं पहिली गोळी पाट्यावर ठेवली.

दुखणं उतरलं नाही. वाढलं. आधी मांड्या, मग पोटऱ्या, मग खांदे. पंडितनं चिठ्ठी पाठवली, दाजींना घेऊन ये. नेम मोडून शीव ओलांडणार नाही, असं म्हणून रुपचंदनं ती चुलीत घातली. चैत्र अर्धा सरला तेव्हा तो बागेत घड घेऊन निघाला आणि वीस पावलांवर बसला. घड खांद्यावरून निसटून फुटला. पंचवीस वर्षांत त्याच्या खांद्यावरून घड पडला नव्हता. चिंधानं त्याला बगलेत धरून उठवलं. चिंधा त्याचा उजवा बगला, पस्तिशीचा, रेड्यासारखा मजबूत, तोंडाचा फटकळ.

"भगत, यंदा तुम्ही गाड्यावर बसा. मी ओढतो. वरतून मले शेंगा फेका."

सगळे हसले. रुपचंदही हसला. घरी आल्यावर मात्र तो बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसला.

"बेबा," तो म्हणाला, "गोळी सोडून आज अठरा रोज झाले ना?"

ती भाकरी थापत होती. "झाले."

"मंग हे गोळीचं नही. बागेत वनाभाऊ दिसते मले. दुपारच्या पाह्यरी. दोन रांगा पुढी चालते. खांद्यावर घड हाये, पाठ दिसते, पाय वाजत नही. मी थांबलो का थांबते. मागं पाहत नही."

भाकरी तव्यावर करपली. बेबाबाईनं ती उलटली नाही.

"भेव नको," रुपचंद म्हणाला. "मले भेव लागत नही. फक्त इतकंच वाटते, का तो मले रस्ता दाखवते का माही वाट अडवते, ते समजत नही."

तेव्हाच तिनं सांगायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं : मी देते, डाळीत. ते म्हणाली असती तर तो चिडला असता, थाळी फेकली असती, आठ दिवसांत उभा राहिला असता, आणि आखाजीला कमरेला पट्टा बांधून बारा गाड्या ओढायला गेला असता. तिनं करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली आणि दुसरी थापली. दुखतंय म्हणजे माणूस जिवंत आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं कारण याच्याही खाली होतं, तिथपर्यंत ती गेली नाही. बसलेला माणूस गाडे ओढत नाही.

पण दुसरी गोळी कुठं जात होती?

आधी तिला वाटलं, तोच घेतो. नेम मोडून, चोरून. या विचारानं तिला बरं वाटलं, कारण घाबरलेला माणूस वाचतो. दोन दिवस तिनं त्याच्यावर पाळत ठेवली. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालाही शिवला नाही. मग तिनं उंदरावर संशय धरला. उंदीर पाकिटाची चांदी कुरतडतो, एवढी नीट फोडत नाही. मग मात्र तिच्या मनात ते आलं, जे गावातल्या कुठल्याही बाईच्या मनात आधीच आलं असतं. माय घेऊन जाते. भगताच्या वाट्याचं आयुष्य मी एक-एक गोळीनं घरात आणते, आणि ती एक-एक गोळीनं परत नेते. बरोबरीनं. एकाला एक.

दुपारी एकटी असताना तिला डब्याकडं पाठ करवेना.

आखाजीला पाच दिवस उरले असताना ती भिकुबाईकडं बिबडे टाकायला गेली. भिकुबाई चिंधाची आई. अंगणात सात-आठ बायका, मधे चुलीवर ज्वारीचा चिक खदखदत होता, खाटांवर लुगडी पसरलेली.

"भगतीन आली वो! बसा, सावलीले बसा," लताबाई म्हणाली. "तुमच्या हाताले चिक लागला तं बिबडे देवाचे होतीन."

"तिले कायले चिडवता," भिकुबाई म्हणाली, आणि पळीनं चिक ओतता-ओतता तिचा चेहरा बारीक झाला. "मान हाये तो. आमच्या घराले तीन पिढ्या बगलाच ठेवलं. माह्या सासऱ्यानं काखा धरल्या, नवऱ्यानं काखा धरल्या, आता पोरगा धरते. पट्टा काही आमच्या कमरेले येत नही. मरीमायले आमचं घर दिसत नही का काय, कोन जाने."

"तुमच्या घरचे म्हातारे झाले ना पन," बेबाबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेलं.

भिकुबाईनं पळी खाली ठेवली.

"म्हातारं होऊन काय केलं?" ती म्हणाली. "खाटेवर खोकलून मेले. तुमचा वना मेला तं चार गावं लोटली."

बेबाबाई उठली. चूल पेटती टाकून आलेय म्हणाली आणि भर उन्हात घराकडं निघाली. रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. मरीमायच्या निंबाजवळ गाड्या आणून उभ्या केल्या होत्या, नऊ आल्या होत्या, तीन यायच्या होत्या. रिकाम्या, धुरा जमिनीला टेकलेल्या. ती त्यांच्यावरून गेली तेव्हा तिला वाटलं, सगळ्या गाड्यांची तोंडं आपल्या घराकडंच केलीत. खरं म्हणजे चावडीचा रस्ता तिकडूनच जात होता.

अंगणातली खाट रिकामी होती. रुपचंद ओसरीत जमिनीवर निजलेला, श्वास चालू. तिनं आधी ते पाहिलं. मग आतून तिला बोलणं ऐकू आलं. अगदी हळू, एकाच माणसाचं, भांडल्यासारखं.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

झुंबरबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. पुढ्यात बिबड्यांचा डबा उघडा. डोळे छताकडं, कारण त्या डोळ्यांना खाली-वर सारखंच. बोटं मात्र पाकिटावरून फिरत होती, शेंगेतून दाणा काढावा तशी. तिनं गोळी काढली, तांब्यातल्या ताकाच्या तळाशी टाकली आणि रवीच्या दांड्यानं हळूहळू चेचायला लागली. चेचता-चेचता बोलत होती.

"दोन नेले तुनं. मी हळदी-कुंकू वाह्यलं. नवरा नेला, मी तुह्या नावानं कोंबडं सोडलं. पोरगा नेला, मी तुले नवं लुगडं नेसोलं. आता हा नही देत. काय करशीन ते कर, रांडे. मह्या डोळ्यांत उतर, मह्या हाडात उतर. हा नही देत."

बेबाबाईच्या पायाखाली फरशी वाजली. म्हातारीचा हात थांबला.

"कोन?"

"मी."

ओसरीतून रुपचंदचं घोरणं येत होतं.

"आत्याबाई," बेबाबाई खाली बसली. "मी बी देते. डाळीत. रोज."

म्हातारीनं तोंड तिच्याकडं वळवलं. पांढऱ्या बुबुळांत काही दिसत नव्हतं, पण जबडा हलला. "मले वाटलं तू सोडली. तू नेमाची. मले वाटलं तू भेली."

"मले वाटलं, माय नेते."

झुंबरबाई हसल्यासारखी झाली. आवाज निघाला नाही.

"दोन-दोन पोटात जातात त्याहिच्या," बेबाबाई म्हणाली. "म्हनून पाय गेले. डॉक्टरनं एकच सांगतली व्हती, दुखलं तं तीबी थांबवा म्हने. आता थांबवू. दोघीबी थांबवू. नही तं माणूस अपंग व्हईन."

"आखाजी किती रोज हाये?"

"पाच."

"थांबलो तं पाच रोजात उठीन का?"

पाच दिवसांत तो पूर्ण उठला नसता. पण उठायचा प्रयत्न केला असता, आणि त्याला प्रयत्न पुरेसा होता. पट्टा कमरेला चढला की मागं पाच-पन्नास हात चाकं लोटणारे असतात, हे तिला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं.

म्हातारीनं रवीचा दांडा पुन्हा धरला.

"आखाजीलोक दोन चालू ठेवू," ती म्हणाली. "मंग थांबव. मंग त्याले तुह्या डॉक्टरकडं ने, मी नही बोलनार."

"आन् गाडे?"

"चिंधा ओढीन."

"चिंध्याले काही झालं तं?"

झुंबरबाईनं तांब्या हलवून पाहिला, कान लावून. तळाशी काही खडखडत नव्हतं.

"त्याले त्याची माय हाये," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी भगताची तब्येत पाहायला पंच आले, सोबत चिंधा. रुपचंद भिंतीला धरून उठला, दोन पावलं चालला आणि त्यांच्यासमोरच गुडघ्यांवर आला. त्यानं स्वतःच खुंटीवरचा पट्टा मागितला, कपाळाला लावला आणि चिंधाच्या हातात दिला. "मायनं मले सोडलं," तो म्हणाला. चांगल्या, स्वच्छ आवाजात म्हणाला. मग त्याला रडू आलं, आणि पंचांनी माना वळवल्या. चिंधाच्या तोंडातून त्या दिवशी एकही थट्टा निघाली नाही. तो पट्ट्याकडं पाहत राहिला, कुणी हातात तान्हं मूल द्यावं तसा.

बेबाबाई दाराआड उभी होती. नवऱ्याचं रडणं तिनं वनाच्या वेळीही ऐकलं नव्हतं. तिनं उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला. मागून म्हातारीनं तिचा पदर धरला, आणि त्या हाडकुळ्या हातात इतका जोर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं भिकुबाई आली. डोक्यावरून पदर, हातात नारळ, खणाचा तुकडा. येतानाच रडत होती, आणि चेहरा असा उजळलेला की बेबाबाईला तिच्याकडं बघवेना. दुपारचं सगळं ती विसरली होती. तिनं नारळ झुंबरबाईच्या मांडीवर ठेवला.

"अक्का, तीन पिढ्यांनी पाह्यलं मायनं आमच्याकडं. मी काहीबाही बोलत व्हती, मनावर घेऊ नका. बेबा, तूबी." तिनं नाक पुसलं. "पंच सांगत व्हते, पट्टा घेतला का आखाजीलोक भगताच्या घरचंच खावा लागते. तुमच्या दोघींच्याच हातचं. मह्या हातचंबी नही चालत म्हने. खरं हाये का?"

"नेम तसाच हाये," झुंबरबाई म्हणाली.

"मंग पाच रोज पोरगा तुमचा." भिकुबाई वाकली आणि तिनं म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिथूनच, जमिनीकडं तोंड करून बोलली. "त्याले वेगळं काही करू नका. रुपचंदभाऊले जे देता ना, तेच द्या."

झुंबरबाईनं पाय मागं ओढून घेतले.